ग्रामनामांची साक्ष आणि महाराष्ट्राच्या मुळाचा वाद

महाराष्ट्राची वस्ती मुळात कोणाची आणि मराठी संस्कृतीचे उगमस्थान उत्तरेस की दक्षिणेस, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यात पडलेल्या विद्वानांची मते परस्परविरुद्ध असली तरी एका गोष्टीत त्यांची एकवाक्यता आढळते. शब्दाचे, विशेषतः गावाच्या व लोकांच्या नावाचे मूळ सापडले की लोकांचे मूळ सापडले, असे बहुतेकांनी धरून चालले आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचाच विचार करावयाचा आहे. वादाचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. ज्या साक्षीदाराला सर्व पक्ष आपापल्या बाजूने उभा करतात, त्याला किती ठाऊक असणे शक्य आहे एवढेच पाहावयाचे आहे.

वि. का. राजवाडे यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ (1922) व ‘महिकावतीची बखर’ (1924) यांच्या प्रस्तावनांत वसाहतीची जी उपपत्ती मांडली, तिच्यात उत्तरेकडून आलेले महाराष्ट्रिक आणि येथे आधी असलेले नाग यांच्या मिश्रणातून मराठे सिद्ध झाले. ग्रामनामांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी मराठीत प्रथम त्यांनी दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांच्या व्युत्पत्तींचा ओघ जवळजवळ नेहमी संस्कृताकडेच वाहतो. नाव दुर्बोध दिसले की त्याचे संस्कृत पूर्वरूप कल्पावयाचे, आणि मग त्या कल्पित रूपावरून वसाहतकार आर्यभाषी होते असे म्हणावयाचे, हा क्रम त्यांच्या लेखनात वारंवार दिसतो. यात सिद्ध करावयाचे ते आधीच गृहीत धरलेले असते.

शं. बा. जोशी यांच्या ‘मर्‍हाटी संस्कृति : काही समस्या’ (1952) या ग्रंथाने ही दिशा नेमकी उलटी केली. ‘मरहट्ट’ या नावाचा संबंध त्यांनी ‘हट्टी’ या कानडी शब्दाशी व गोपालक हट्टीजनांशी जोडला आणि मराठी मुलखाच्या तळाशी कन्नड थर आहे असे प्रतिपादन केले. नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ कन्नड देशाची उत्तर सीमा गोदावरीपर्यंत नेतो, हे लक्षात घेता त्यांचा प्रश्न अवास्तव नव्हता. पुढे विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ (1977) व त्यानंतरच्या पुस्तकांत हा धागा तमिळपर्यंत नेला. बालगीतांतील निरर्थक वाटणाऱ्या शब्दांनाही त्यांनी तमिळ अर्थ लावून दाखविले. खैरे यांची पुस्तके वाचनीय आहेत, आणि संस्कृताच्या एकाच खिडकीतून मराठीकडे पाहण्याच्या सवयीला त्यांनी दिलेला धक्का आवश्यकही होता. तथापि आजचा मराठी शब्द आणि तमिळ कोशातील शब्द समोरासमोर ठेवण्याच्या या रीतीत मधल्या प्राकृत अवस्थांचा हिशेब क्वचितच लागतो, आणि शेजारची कन्नड व तेलुगू ओलांडून तमिळच का, याचेही समाधान होत नाही. राजवाडे संस्कृत कोशाच्या आधारे जे करतात, तेच खैरे तमिळ कोशाच्या आधारे करतात. दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतात आणि रीत मात्र एकच राहते, तेव्हा दोष रीतीत असण्याचा संभव अधिक.

या रीतीचा कमकुवतपणा पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही; आपल्या प्रांताचे नावच पुरेसे आहे. ‘वऱ्हाड’ या नावाच्या दोन व्युत्पत्ती प्रचलित आहेत. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीच्या लग्नाचे वऱ्हाड येथून निघाले म्हणून वऱ्हाड, ही पहिली. दुसरी अबुल फजलाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदविलेली : वरदा म्हणजे वर्धा नदी, तिचा तट तो वरदातट. आता ध्वनींच्या दृष्टीने पाहिले तर पहिली व्युत्पत्ती निर्दोष आहे, कारण दोन्ही शब्द अक्षरशः एकच आहेत. दुसरीत स्वरमध्य दकार-तकारांचा लोप आणि टकाराचा डकार हे बदल प्राकृताच्या नियमांत बसतात, पण ‘ऱ्ह’मधील हकार कोठून आला याचे उत्तर मिळत नाही. असे असूनही लग्नाच्या वऱ्हाडाची गोष्ट कोणी गंभीरपणे घेत नाही आणि वरदातटाचा निदान विचार करावा लागतो. याचे कारण ध्वनिसाम्याच्या बाहेरचे आहे. नदी तेथे आहे, नदीवरून प्रदेशाला नाव पडण्याचा प्रघात आहे, आणि ते स्पष्टीकरण चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. म्हणजे ध्वनिसाम्य पूर्ण असूनही व्युत्पत्ती खोटी ठरू शकते. ज्यांचा सारा इमला ध्वनिसाम्यावर उभा आहे त्यांनी या एका उदाहरणाने सावध व्हावयास हवे होते.

मग ग्रामनामाची साक्ष ग्राह्य केव्हा धरावी? याचे आदर्श म्हणावे असे उदाहरणही याच प्रदेशात आहे. वाशीम येथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात, म्हणजे चौथ्या शतकात, ‘वत्सगुल्म’ हे स्थलनाम येते. कामसूत्रात वत्सगुल्मकांचा निर्देश आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावतो, आणि ‘कर्पूरमंजरी’त त्याच स्थानावरून पडलेले रीतीचे नाव ‘वच्छोमी’ असे प्राकृत रूपात देतो. संस्कृत लेखातील रूप, मधले प्राकृत रूप आणि आजचे ‘वाशीम’ या तिन्ही पायऱ्या येथे कागदावर व तांब्यावर उपलब्ध आहेत. कल्पनेने भरावयाची जागा थोडी उरते. वाकाटकांच्या लेखांवर वा. वि. मिराशी यांनी जे काम केले, त्याचे भाषाशास्त्रीय मोल यात आहे.

परंतु येथेही साक्ष कोठे थांबते हे पाहण्यासारखे आहे. वत्सगुल्म म्हणजे काय? कामसूत्राचा टीकाकार वत्स व गुल्म नावाचे दोन राजपुत्र बंधू सांगतो. स्थानिक माहात्म्य वत्स ऋषीची कथा सांगते. दोन्ही स्पष्टीकरणे नावावरून मागाहून रचलेली आहेत, हे उघड आहे. म्हणजे चौथ्या शतकातील नावाचा अर्थ त्यानंतरच्या टीकाकारालाही नीट ठाऊक नव्हता. संस्कृत दिसणारे हे रूप एखाद्या अगदी निराळ्या स्थानिक नावाला चढविलेला संस्कृत पोशाख नसेलच, असे कोण सांगू शकेल? नावाची परंपरा सोळाशे वर्षे मागे नेता आली. तिच्या पलीकडच्या वस्तीविषयी नाव मौनच धरते.

दुसरे उदाहरण ‘-ऊर’ या अंत्यपदाचे. चांदूर, राजूर, चिमूर अशी नावे विदर्भात बरीच आहेत. द्राविड भाषांत ‘ऊर’ म्हणजे गाव. म्हणून ही नावे द्राविड थराचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केली जातात. पण संस्कृत ‘पुर’ समासाच्या उत्तरपदी आले की प्राकृतात त्याचा पकार झिजून ‘उर’ उरतो. केवळ आजच्या रूपावरून यांतील कोणता ‘ऊर’ कोणता, हे ओळखण्याचे साधन नाही. जुना लेख सापडला तर मात्र चित्र बदलते. राष्ट्रकूट आपल्याला ‘लत्तलूरपुर’ या नगराचे अधीश्वर म्हणवीत. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे सामान्यतः मानले जाते. येथे ‘ऊर’ असतानाही पुन्हा ‘पुर’ जोडलेले आहे. ज्याने ही पदवी रचली त्याच्या दृष्टीने ‘ऊर’ हा नावाचाच भाग होता, ‘पुर’चा अपभ्रंश नव्हता. लातूरच्या बाबतीत द्राविड पक्षाची बाजू म्हणून बळकट होते. पण ते बळ लातूरचे. ते उसने घेऊन चांदूरचा निकाल लावता येत नाही. प्रत्येक नावाची चौकशी स्वतंत्र झाली पाहिजे, आणि ज्यांची जुनी रूपे मिळत नाहीत ती नावे अनिर्णीत ठेवण्याचे धैर्य संशोधकाला हवे. अनिर्णीत नावांची यादी छापण्याची चाल आपल्याकडे नाही, हे एक दुर्दैवच.

आता अगदी साधे नाव घेऊ. हिवरखेड नावाचे एक गाव अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात आहे, त्याच नावाचे दुसरे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात. हिवर हा काटेरी वृक्ष वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाचा आहे. उमरखेड, पळसखेड, चिंचखेड ही याच घडणीची नावे. ‘खेड’चे पूर्वरूप ‘खेट’ पाणिनीला ठाऊक आहे, पण निंदार्थी उत्तरपद म्हणून. जैन आगमांतील वस्तीप्रकारांच्या याद्यांत ‘खेड’ हा एक स्वतंत्र प्रकार म्हणून येतो. एवढे सांगून झाल्यावर हिवरखेडविषयी आपण काय सांगितले? हे नाव ज्यांनी ठेवले त्यांना हिवर आणि खेड हे दोन्ही शब्द कळत होते, इतकेच. ज्या नावाचा अर्थ आजच्या बोलणाराला सहज लागतो ते नाव भाषेच्या कालमानाने बहुधा अलीकडचे असते. नाव अलीकडचे म्हणून वस्ती अलीकडची, असे मात्र होत नाही. वऱ्हाडी शेतकरी गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतो आणि पिकाच्या जमिनीला काळी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, माती आणि भिंतींचा चुरा साचून वस्तीची जागा पांढुरकी होते. जुन्या वसाहती शोधणारा उत्खननकारही अशीच पांढरीची टेकाडे पाहत फिरतो. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे 1984-85 मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती मिळाली; तिची खापरे पश्चिम महाराष्ट्रातील जोर्वे संस्कृतीशी नाते सांगतात. या वस्तीचे त्या काळचे नाव काय होते? ‘तुळजापूर’ किंवा ‘गढी’ खासच नव्हते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची पांढरी आणि काही शतकांपूर्वीचे नाव एकाच जागी एकावर एक बसलेली आहेत. नावावरून वस्तीचे मूळ काढणारा संशोधक वरचा थर पाहून खालच्याचे वर्णन करतो. नागपूरकडच्या टाकळघाट-खापा, नायकुंड येथील शिलावर्तुळांबद्दलही हेच म्हणता येईल. ती उभारणारे लोक द्राविडभाषी होते असे काही जण गृहीत धरतात, पण त्या शिळांवर एकही अक्षर नाही.

नावे काय लपवू शकतात याची प्रत्यक्ष परीक्षा करावयाची असेल तर हिवरखेडहून उत्तरेस सातपुड्यात चढावे. मेळघाटात शतकानुशतके कोरकू बोलणाऱ्यांची वस्ती आहे. कोरकू ही मुंडा कुलातील भाषा. तिचे जवळचे आप्त, संताळी व मुंडारी, पार छोटा नागपूरकडे आहेत. मेळघाटातील ठळक नावे पाहा : चिखलदरा, सेमाडोह. दरा आणि डोह हे शब्द कोणाही मराठी माणसाला कळतात. चिखलदऱ्याला तर कीचकदरा ठरवून भीमाने कीचकाला तेथे फेकल्याची कथाही जोडली गेली आहे. समजा, उद्या कोरकू भाषा लोपली आणि दोनशे वर्षांनी एखादा पंडित केवळ नकाशावरील नावे घेऊन बसला, तर येथे कोरकू भाषकांची दाट वस्ती होती हे त्याला या नावांवरून कळणार नाही. तो या डोंगरात मराठीभाषी वसाहतकार आणि महाभारतकालीन आर्य यांची वस्ती ठरवून मोकळा होईल. आपण प्राचीन महाराष्ट्राविषयी आज नेमके हेच करीत नाही कशावरून? नाव वस्ती करणाराच देतो हे खरे नव्हे. पुष्कळदा ते वाटसरू देतो, शेजारी देतो, आणि कागदावर तर ते दफ्तर लिहिणाराच देतो. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर जमीनमोजणीच्या निमित्ताने गावोगावची नावे ज्या रूपांत दप्तरी दाखल झाली, तीच पुष्कळ ठिकाणी आज आपल्या व्युत्पत्तींचा कच्चा माल आहेत.

शब्दांपेक्षा व्याकरणाची साक्ष अधिक विश्वसनीय, असे भाषाशास्त्रात मानले जाते, आणि मराठीच्या संदर्भात ती साक्ष विचारात घेण्याजोगी आहेच. ऐकणाराला सामावणारे ‘आपण’ आणि वगळणारे ‘आम्ही’ असा भेद, उद्धृत बोलण्याच्या शेवटी येणारे ‘म्हणून’, यांसारख्या गोष्टींत मराठी द्राविड भाषांच्या जवळ जाते. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी 1971 मध्ये मराठीच्या घडणीमागे भाषांचे खोल मिश्रण झाले असावे, असा विचार मांडला. पण ज्या संग्रहात त्यांचा हा लेख आला, त्याच संग्रहात गंपर्झ आणि विल्सन यांचा सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावावरील लेख आहे, आणि माझ्या मते आपल्या वादाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा. कुपवाडात मराठी, कन्नड आणि उर्दू शेकडो वर्षे एकत्र नांदल्या. घरोघरची भाषा सुटली नाही, शब्द निराळे राहिले, परंतु वाक्यरचना इतकी एकरूप झाली की एका भाषेतील वाक्याचे दुसऱ्या भाषेत जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून रूपांतर करता येते. कुपवाडच्या उर्दूत कानडी वळणे आहेत म्हणून तेथील मुसलमान मूळचे कानडी ठरत नाहीत, आणि कानडीत मराठी वळणे आहेत म्हणून तेथील जैन मूळचे मराठी ठरत नाहीत. ही वळणे शेजारातून आली. मराठीतील द्राविड लक्षणांचा अर्थ लावताना वंश आणि शेजार या दोन शक्यता वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत. आपल्या ग्रंथांत त्या बहुधा एकत्र कालवलेल्या असतात. या बाबतीत इरावती कर्वे यांचे विवेचन अधिक सावध आहे. मामेबहिणीशी विवाहाची चाल महाराष्ट्रात दक्षिणेसारखी असली तरी इतर नातेव्यवहार उत्तरेकडचे आहेत, हे दाखवून त्यांनी महाराष्ट्राला दोहोंमधला प्रदेश म्हटले आणि कोणाचे मूळ कोणावर लादले नाही. रा. चिं. ढेरे यांनीही ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (1984) या ग्रंथात गोपजनांचा विठ्ठल उभा करताना उपासना, कथा आणि क्षेत्रे यांचे पुरावे एकत्र आणले, नावाच्या व्युत्पत्तीवर सगळा भार टाकला नाही.

याहून मोठा आक्षेप असा की, आर्य की द्राविड हा प्रश्नच अपुऱ्या पर्यायांचा आहे. द्राविड भाषा विदर्भात पाहावयास तमिळ कोश उघडण्याची जरुरी नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कोलामांच्या पोडांवर कोलामी आजही बोलली जाते. एमेनो यांनी तिचे व्याकरण 1955 मध्ये प्रसिद्ध केले. गोंडी तर आहेच. आणि सातपुड्याच्या पायथ्याने तेल्हाऱ्याहून पश्चिमेस बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदकडे गेले की निहाली ही भाषा भेटते. तिचे भाषक सुमारे 2000 ते 2500. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाने 1906 मध्ये ती मुंडा भाषांच्या खंडात घातली. पण कायपर यांनी 1962 मध्ये तिचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कोरकू, द्राविड आणि आर्य शब्द वजा जाता सुमारे पाव हिस्सा शब्द असे उरले की त्यांचा संबंध कोठेच लागत नव्हता. यातील काही भाग सांकेतिक बोलीचा असू शकेल अशी शंका त्यांनीच घेतली होती. तरीही निहालीला आज कोणत्याही कुलात ठामपणे बसविता येत नाही. ज्या प्रदेशात संस्कृताच्याही आणि तमिळच्याही कोशात न सापडणारी एक भाषा अजून बोलली जाते, त्याच्या प्राचीन वस्तीचा वाद दोनच पक्षांत वाटून घेणे शास्त्राला धरून नाही. ‘द्रविड महाराष्ट्र’ काय किंवा महाराष्ट्रिकांचा महाराष्ट्र काय, दोहोंतही निहाली बोलणाराला जागा नाही.

अलीकडे या वादात दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. पहिली जनुकांची. राखीगढी येथील एका स्त्रीच्या सांगाड्यातील जनुकद्रव्याचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यावरून हडप्पाकालीन लोक कोणती भाषा बोलत यावर वृत्तपत्रांत पानेच्या पाने लिहिली गेली. हाडांवरून पूर्वजांचे मिश्रण कळते. त्या स्त्रीच्या तोंडची भाषा कळत नाही. कुपवाडचा धडा येथेही लागू आहे. दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून 2012 मध्ये रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे एकत्र केले, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दर्जा मंजूर केला. याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु त्याच दिवशी तोच दर्जा प्राकृतलाही मिळाला. मराठीच्या प्राचीनतेची मदार बरीचशी महाराष्ट्री प्राकृतावर असल्यामुळे एकच शेत दोन सातबाऱ्यांवर चढले, असे म्हणावे लागते. महाराष्ट्री आणि मराठी यांच्यामध्ये किती आणि कोणते बदल झाले हे ब्लॉक यांनी 1920 मध्येच ग्रंथरूपाने मांडले होते; त्या बदलांना ओळखूनच परंपरा सांगता येते, ते पुसून नव्हे. दर्जाच्या अर्जात वकिली चालते. विभागाच्या प्रबंधात ती चालू नये, कारण प्राचीनतेच्या दाव्यांवरून जमीन, नोकऱ्या आणि पाठ्यपुस्तके यांचे निर्णय होऊ लागले की ज्यांच्या भाषेला लेख नाही त्यांचा दावाच दाखल होत नाही.

तेव्हा या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी कोश काही काळ बाजूला ठेवून पुढील कामाकडे वळावे. तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव जामोद आणि अकोट या तालुक्यांतील गावांची, त्याहीपेक्षा शिवारांची, नाल्यांची, पाणवठ्यांची आणि टेकड्यांची नावे उच्चारानुसार टिपून घ्यावीत. शेतांची नावे मोजणीच्या क्रमांकांनी झपाट्याने विस्मृतीत ढकलली आहेत, म्हणून त्यांपासून आरंभ करावा. प्रत्येक नावापुढे दप्तरातील रूप, लेखांत सापडल्यास जुने रूप, आणि मराठी, कोरकू व निहाली बोलणारे त्या जागेला आपसात काय म्हणतात हे तीन स्वतंत्र रकान्यांत लिहावे. जेथे तिसऱ्या रकान्यातील नाव पहिल्याहून निराळे निघेल तेथे थांबून चौकशी करावी, व्युत्पत्ती मागाहून. पावसाळ्यात नाल्यांची नावे विचारली तर लोक अधिक उत्साहाने सांगतात, हा आमच्या विभागाचा अनुभव आहे. उन्हाळ्यात तेच लोक म्हणतात, त्या कोरड्या ओढ्याला कशाचे नाव!